रूळ उखडल्यावर जमीन कोणाची? मिसुरीच्या ‘केटी’ मार्गाचा वाद

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, मिसुरी नदीच्या उत्तर काठाने, चुनखडीच्या कड्यांना खेटून जाणारा केटी रेल्वेचा मार्ग १८९० च्या दशकाच्या सुरुवातीस टाकला गेला. कंपनीचे पूर्ण नाव मिसुरी-कॅन्सस-टेक्सस रेल्वे. त्यातल्या ‘के-टी’ या अक्षरांवरून तिला ‘केटी’ हे सुटसुटीत नाव पडले. सेंट लुईसजवळच्या सेंट चार्ल्स जिल्ह्यातून निघणारा हा मार्ग डिफायन्स, ऑगस्टा, मार्थाज्व्हिल, रोशपोर्ट अशी लहान गावे घेत पश्चिमेकडे जाई आणि बूनव्हिलपाशी नदी ओलांडून सेडेलिया गाठी. रोशपोर्टजवळ कडा थेट नदीत उतरलेला असल्यामुळे तिथे १८९३ मध्ये २४३ फुटांचा बोगदा खणावा लागला. केटीच्या साऱ्या जाळ्यात बोगदा असा हा एवढाच. सुमारे ९० वर्षे या रुळांवरून धान्य, कोळसा, गुरे आणि माणसे गेली. १९८६ च्या शरद ऋतूत गाड्या थांबल्या आणि रुळांखालच्या पट्ट्यावरून जो तंटा सुरू झाला, त्याचे काही धागे अजूनही न्यायालयांत आणि विधिमंडळात अडकलेले आहेत.

तंट्याचे मूळ रूळ टाकण्याआधीच्या कागदांत होते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी रेल्वे कंपन्यांना जमीन तीन-चार वेगवेगळ्या वाटांनी मिळाली. पश्चिमेकडच्या सरकारी मुलखात संसदेनेच ती दिली. १८५० ते १८७१ या काळात मोठमोठी अनुदाने वाटली गेली. त्यावर ओरड झाल्यावर १८७५ च्या कायद्याने नुसता मार्गाचा हक्क देण्याची पद्धत आली. मिसुरीसारख्या आधीच वस्ती असलेल्या राज्यांत मात्र कंपनीला शेतकऱ्याच्या दारात जावे लागे. काहींनी पट्टा सरळ विकला, त्याचे पक्के खरेदीखत झाले. काहींच्या जमिनी सक्तीने संपादन झाल्या. बऱ्याच जणांनी नाममात्र मोबदल्यावर सही केली, कारण गाडी आली तर आपला गहू आणि मका बाजारात जाईल हाच खरा मोबदला होता. अशा दस्तांत पट्टा ‘रेल्वेच्या कामासाठी’ दिला असल्याचा उल्लेख येई. मिसुरीच्या कायद्यात या शब्दांना फार वजन आहे. असा दस्त म्हणजे विक्री नव्हे. शेतकऱ्याने कंपनीला दिला तो केवळ वहिवाटीचा हक्क. जमिनीची मालकी त्याच्याकडेच राहिली, आणि कंपनीने रेल्वे चालवणे सोडले की वहिवाट आपोआप संपून पट्टा लगतच्या शेतात मिळायचा. सह्या करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी तो दिवस खरोखर येईल असे मानले असेल. त्यांच्या नातवंडांच्या वेळी तो आला.

१९२० मध्ये अमेरिकेतले रेल्वेचे जाळे सुमारे २ लाख ७२ हजार मैलांचे होते. १९९० पर्यंत त्यातले १ लाख ४१ हजार मैल वापरात उरले. मोटारी, मालट्रक आणि महामार्गांनी आडवळणाच्या फाट्यांचे पोट मारले, आणि १९८० च्या स्टॅगर्स कायद्याने तोट्यातला मार्ग बंद करणे कंपन्यांना आणखी सोपे केले. टाकून दिलेल्या भरावांचे करायचे काय, याचे एक उत्तर तोवर मध्य-पश्चिमेत सापडले होते. शिकागोजवळच्या मॉर्टन वनस्पती उद्यानातील निसर्गअभ्यासक मे थिलगार्ड वॉट्स यांनी १९६३ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ला पत्र लिहून बंद पडलेल्या विजेच्या रेल्वेच्या जागी पायवाट करावी अशी मागणी केली. त्यातून इलिनॉय प्रेअरी पाथ उभा राहिला. शेजारच्या विस्कॉन्सिनने एल्रॉय ते स्पार्टा हा ३२ मैलांचा बंद मार्ग विकत घेऊन १९६७ मध्ये सायकलस्वारांना मोकळा केला. त्यावर तीन बोगदे आहेत आणि सर्वांत लांब बोगदा ३,८०० फुटांहून अधिक लांबीचा आहे. या भरावांचा एक गुण सायकलवाल्यांच्या लगेच ध्यानात आला. इंजिनाला मोठा चढ झेपत नाही, म्हणून रेल्वेने डोंगर फोडून आणि दऱ्या बुजवून सपाट वाट आधीच करून ठेवलेली असते.

अडचण कायद्याची होती. मार्ग अधिकृतपणे बंद झाला की वहिवाटीचा हक्क विरे आणि सलग पट्ट्याचे शेकडो तुकडे शेकडो मालकांकडे जात. मधला एक तुकडा गेला तरी उरलेला मार्ग निकामी. संसदेने १९८३ मध्ये राष्ट्रीय पायवाट कायद्यात दुरुस्ती करून यावर तोडगा काढला. रेल्वे कंपनीने पट्टा एखाद्या सरकारी वा खासगी संस्थेकडे सोपवला, त्या संस्थेने देखभाल, कर आणि अपघातांची जबाबदारी उचलली, आणि उद्या गरज पडल्यास रेल्वे परत सुरू करण्याची वाट खुली ठेवली, तर तो मार्ग ‘बंद’ झाला असे समजायचे नाही. रूळ उखडलेले, स्लीपर विकलेले, वरून माणसे सायकली चालवत असलेली, तरी कायद्याच्या नजरेत तो रेल्वेमार्गच. या व्यवस्थेला ‘रेलबँकिंग’ म्हणतात. तिच्या मागचा राष्ट्रीय हिताचा विचार खोटा नव्हता, कारण एकदा विस्कटलेला सलग पट्टा नव्याने जुळवणे जवळपास अशक्य असते. पण ज्या शेतकऱ्याच्या आजोबांच्या दस्तात ‘रेल्वेच्या कामासाठी’ असे लिहिले होते, त्याला ही सरळसरळ हातचलाखी वाटली, आणि तसे वाटायला त्याच्याकडे कारण होते.

केटीचा नदीकाठचा मार्ग पुरांनी नेहमीच बेजार असे. ऑक्टोबर १९८६ च्या पुराने भराव इतका खाल्ला की कंपनीने तो दुरुस्त न करता वाहतूकच थांबवली आणि मार्ग सोडण्याची परवानगी मागितली. त्याच सुमारास एडवर्ड ‘टेड’ जोन्स पुढे आले. सेंट लुईसच्या एडवर्ड डी. जोन्स या शेअरदलाली पेढीचे ते माजी प्रमुख. विस्कॉन्सिनचा एल्रॉय-स्पार्टा मार्ग त्यांनी पाहिला होता आणि तसाच मार्ग आपल्या राज्यात व्हावा हे त्यांनी मनावर घेतले होते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी पॅट यांनी केटीकडून हक्क घेण्यासाठी राज्याला २ लाख डॉलर दिले, आणि पुढे बांधणीसाठी आणखी सुमारे २० लाख डॉलर. गव्हर्नर जॉन अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्या सरकारने देणगी स्वीकारली. १९८७ मध्ये आंतरराज्य वाणिज्य आयोगाने तात्पुरत्या पायवाट-वापराचा दाखला दिला आणि सेडेलियापासून पूर्वेकडचा सुमारे २०० मैलांचा पट्टा राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याकडे आला. पैशाच्या बाजूने पाहिले तर राज्याला तो जवळपास फुकटच पडला. हक्कांचे २ लाख डॉलर रेल्वे कंपनीच्या हाती गेले. ज्यांच्या शेतांतून पट्टा जात होता, त्यांना त्यातला एक सेंटही मिळाला नाही.

त्या शेतांची रचना पाहिल्याखेरीज विरोधाचे स्वरूप कळत नाही. नदी आणि कडा यांच्या मध्ये मळईची सुपीक, सखल जमीन पसरलेली आहे. घर, गोठा आणि धान्याची कोठारे पुरापासून वाचावीत म्हणून कड्याच्या बाजूला, आणि मका-सोयाबीनची शेते नदीच्या बाजूला. भराव बरोबर दोहोंच्या मधून जातो. पेरणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत ट्रॅक्टर दिवसातून कितीतरी वेळा तो ओलांडणार. गाडी दिवसातून ठरावीक वेळा येई, शिट्टी देई आणि निघून जाई. सायकलस्वार कुठल्याही क्षणी, कसलाही आवाज न करता समोर येतो. फवारणी चालू असताना कोणी त्या धुराळ्यातून गेले तर? ट्रॅक्टरखाली मूल आले तर दावा कोणावर लागणार? पावसाचे पाणी भरावाखालच्या मोऱ्या तुंबून शेतात साचले तर रेल्वेचा माणूस फोनवर यायचा, आता कोणाला बोलवायचे? कुंपण कोणी बांधायचे आणि कोणी राखायचे? यांखेरीज चोऱ्या, कचरा, उघडी टाकलेली फाटके, परसदारात डोकावणारे शहरी लोक ही भीती होतीच. शिकारीच्या हंगामात आपल्याच शेतात बंदूक चालवायची की नाही, हाही प्रश्न नव्याने उभा राहिला.

भीतीचा काही भाग पुढे अनाठायी ठरला. राज्य उद्यान खात्याने मोटारवाहनांना बंदी घातली, मार्गावर मुक्कामाला मनाई केली आणि वापराची वेळ उजाडल्यापासून मावळेपर्यंतच ठेवली. पण विरोधकांचा गाभ्याचा मुद्दा भीतीचा नव्हता. आजोबांनी गाडीसाठी वाट दिली, गाडी गेली, वाट आमची झाली, असे ते म्हणत. सरकारला हवी असेल तर विकत घ्यावी. मागच्या दाराने घेऊ नये. पायवाटेच्या बाजूने बोलणारे अनेकदा हा मुद्दा ऐकूनच घेत नसत. शेतकरी म्हणजे हिरवळीला आणि प्रगतीला आडवे येणारे हटवादी लोक, असे चित्र शहरी वृत्तपत्रांतून रंगवले गेले. ते अन्यायाचे होते.

गावांतही एकमत नव्हते. रेल्वे गेल्यावर या वस्त्यांचा प्राणच गेला होता. स्टेशने पडीक होती, धान्याच्या कोठारांना आणि वखारींना टाळी लागली होती, आणि तरुण माणसे शहराकडे चालली होती. ऑगस्टाच्या आसपास द्राक्षमळे आणि वाइनचा धंदा पुन्हा उभा राहिला होता. १९८० मध्ये अमेरिकेतला पहिला मान्यताप्राप्त द्राक्षप्रदेश म्हणून ऑगस्टाचीच नोंद झाली. द्राक्षमळेवाल्यांना गिऱ्हाईक हवे होते. खानावळ, सायकलचे दुकान किंवा घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देण्याचा विचार करणाऱ्या दुकानदारांना तर दारातून जाणारी वाट म्हणजे दुसरी रेल्वेच होती. म्हणून वादाची सीमारेषा शहर आणि खेडे अशी कधीच नव्हती. गावाच्या मुख्य रस्त्यावर दुकान असलेला एका बाजूला, आणि त्याच गावाच्या शिवारात भरावाला लागून शेत असलेला दुसऱ्या बाजूला. चर्चमध्ये दोघे एकाच बाकावर बसत असतील, पण नफा एकाच्या पदरात पडणार होता आणि जमीन दुसऱ्याची जाणार होती. सार्वजनिक कामांतले बहुतेक तंटे याच जागी पेटतात.

मार्गालगतचे जमीनमालक संघराज्य न्यायालयात गेले. पायवाटेला जागा देणारा कायदाच घटनाबाह्य आहे, असा त्यांचा दावा होता. १९८८ मध्ये जिल्हा न्यायालयात आणि १९८९ मध्ये आठव्या मंडळाच्या अपील न्यायालयात ते हरले. दरम्यान हाच प्रश्न व्हरमाँट राज्यातून सर्वोच्च न्यायालयात पोहोचला होता. तिथे बर्लिंग्टन शहरात, शँप्लेन सरोवराच्या काठी, १८९९ मध्ये रेल्वेला मिळालेल्या पट्ट्यावरचे रूळ १९७५ मध्येच काढले गेले होते आणि पुढे त्यावर सायकलमार्ग आला होता. फेब्रुवारी १९९० मध्ये ‘प्रीसॉल्ट’ खटल्याचा निकाल लागला. न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी एकमताचे निकालपत्र लिहिले. पायवाट जपणे आणि पुढच्या पिढ्यांसाठी रेल्वेचे पट्टे राखणे हे दोन्ही हेतू संसदेच्या अधिकारात बसतात, म्हणून कायदा वैध आहे. पण त्यामुळे कोणाची खासगी मालमत्ता सरकारजमा झाली असेल, तर त्या मालकाने नुकसानभरपाईसाठी दावे न्यायालयाकडे जावे, असेही त्यांनी सांगितले. कागदावर हा सरकारचा विजय दिसतो. प्रत्यक्षात वादाचा रोख या निकालाने बदलला. पट्टा द्यायचा की नाही हा प्रश्न मिटला आणि पैसे कोणी, किती द्यायचे हा उरला.

त्याचे उत्तर यायला आणखी अनेक वर्षे गेली. १९९६ मध्ये फेडरल मंडळाच्या अपील न्यायालयाने, पूर्ण पीठासमोरच्या सुनावणीनंतर, व्हरमाँटच्या प्रीसॉल्ट कुटुंबाची जमीन सरकारने घेतली आहे आणि भरपाई द्यावीच लागेल असे ठरवले. २००० मध्ये संघराज्याच्या दावे न्यायालयाने मिसुरीच्या शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. भविष्यात कधीतरी गाडी येईल एवढी शक्यता जपून ठेवणे म्हणजे रेल्वे चालवणे नव्हे, आणि करमणुकीची पायवाट तर नव्हेच नव्हे, असा त्याचा अर्थ. मिसुरीच्या कायद्यानुसार वहिवाट संपलेलीच होती. संसदेने ती जिवंत ठेवली, म्हणून किंमतही संसदेच्या तिजोरीतून यायला हवी. पट्टा राज्याकडे गेल्याला तेव्हा १३ वर्षे उलटली होती. कायदा करताना १९८३ मध्येच भरपाईची तरतूद आणि तिची सोपी पद्धत ठरवली असती, तर शेतकऱ्यांना न्यायालयांचे उंबरठे झिजवावे लागले नसते आणि पायवाटेच्या नावाला लागलेला कडवटपणाही पुष्कळ कमी झाला असता. आज अशा दाव्यांवर चालणारी वकिलीची एक स्वतंत्र शाखाच अमेरिकेत तयार झाली आहे. पायवाट जाहीर होताच लगतच्या मालकांना वकिलांच्या पेढ्यांची पत्रे येऊ लागतात.

खटले चालू असतानाच एप्रिल १९९० मध्ये रोशपोर्ट इथे पहिला छोटा टप्पा उघडला. टेड जोन्स त्याच वर्षी वारले. खडीच्या जागी चुनखडीचा बारीक चुरा दाबून पृष्ठभाग केला गेला, जुन्या पुलांवर फळ्या ठोकल्या गेल्या आणि रेल्वेचे मैलांचे आकडे तसेच ठेवले गेले. केटीला गिळंकृत केलेल्या युनियन पॅसिफिक कंपनीने १९९१ मध्ये सेडेलियापासून क्लिंटनच्या बाजूचे ३३ मैल देणगी दिले. १९९३ च्या महापुराने झालेल्या कामापैकी अर्ध्याहून अधिक धुऊन नेले. पुन्हा बांधणी झाली. आज केटी ट्रेल राज्य उद्यान सुमारे २४० मैल, म्हणजे ३८५ किलोमीटरच्या घरात आहे आणि जुन्या रेल्वेमार्गांवरच्या देशातील सर्वांत लांब सलग वाटांत त्याची गणना होते. राज्य उद्यान खात्यासाठी २०१२ मध्ये झालेल्या पाहणीनुसार वर्षाला सुमारे ४ लाख लोक इथे येतात आणि स्थानिक अर्थव्यवस्थेला १ कोटी ८५ लाख डॉलरचा हातभार लागतो. दुकानदारांचा अंदाज खरा ठरला, हे कोणालाही मान्य करावे लागेल. मात्र शेतकऱ्यांचा मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही. जमीन कोणाची, हे तिच्यावरून किती सायकली गेल्या यावर ठरत नसते.

रेलबँकिंगमधली रेल्वे हा निव्वळ बहाणा आहे असे म्हणणाऱ्यांना बूनव्हिलच्या पुलाने एक गमतीचे उत्तर दिले. १९३२ मध्ये बांधलेला, मधला भाग वर उचलता येणारा हा लोखंडी पूल सायकलमार्गात नव्हता. सायकली शेजारच्या महामार्गाच्या पुलावरून जात. २००० नंतर युनियन पॅसिफिकने त्याचे लोखंड दुसरीकडे वापरायचे ठरवले. तेव्हा राज्याचे महाधिवक्ता जे निक्सन यांनी दावा लावला, आणि एक मुद्दा असा होता की पूल गेला तर सलग रेल्वेपट्टा तुटेल, मग रेलबँकिंगचा आधारच धोक्यात येईल. ज्या पुलावरून गाडी जात नाही आणि सायकलही जात नाही, त्यावर साऱ्या मार्गाची कायदेशीर भिस्त येऊन ठेपली. बरीच वर्षे ओढाताण झाल्यावर २०१० मध्ये कंपनीने पूल बूनव्हिल शहराला दिला.

सरकारी मुलखातल्या पट्ट्यांचा निकाल त्याहून उशिरा लागला. १८७५ च्या कायद्याखाली दिलेला हक्क केवळ वहिवाटीचा होता आणि रेल्वे गेल्यावर तो संपून पट्टा जमिनीच्या सध्याच्या मालकाच्या पदरात पडतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये वायोमिंगच्या ‘ब्रँट’ खटल्यात ठरवले. मुख्य न्यायमूर्ती जॉन रॉबर्ट्स यांच्या निकालाला नऊपैकी आठ न्यायमूर्तींचा पाठिंबा होता. सोनिया सोटोमायोर एकट्या विरोधात गेल्या. रेलबँकिंग न केलेल्या पश्चिमेकडच्या अनेक पायवाटांच्या पायाखालची जमीन या निकालाने डळमळीत झाली.

मिसुरीत तोच डाव पुन्हा मांडला गेला आहे. केटीच्या दक्षिणेला जुन्या रॉक आयलंड रेल्वेचा मार्ग आहे. त्याचा विंडसर ते प्लेझंट हिल हा ४७ मैलांचा टप्पा डिसेंबर २०१६ मध्ये खुला झाला. विंडसर ते ब्यूफोर्ट हा उरलेला १४४ मैलांचा पट्टा अमेरेन या वीज कंपनीने देऊ केला आणि राज्याने डिसेंबर २०२१ मध्ये तो स्वीकारला. दोन्ही मार्ग जोडले गेले तर राज्यात मोठे वर्तुळ पूर्ण होईल. मिसुरी फार्म ब्युरो या शेतकरी संघटनेने विरोध केला. आहे त्या उद्यानांची डागडुजी आधी करा, हा त्यांचा युक्तिवाद पूर्वीच्या तक्रारींना नव्याने जोडला गेला होता. गव्हर्नर माइक पार्सन यांनी २०२२ मध्ये या कामासाठी सुमारे ६ कोटी ९० लाख डॉलर सुचवले, आणि विधिमंडळाने ते अंदाजपत्रकातून काढून टाकले. २०२३ मध्ये फेडरल मंडळाच्या अपील न्यायालयाने याच मार्गालगतच्या मालकांच्या बाजूने निकाल दिला. जुन्या दस्तांत रेल्वेसाठी दिलेली वाट पायवाटेसाठी वापरता येत नाही, सबब भरपाई देणे आले, असे न्यायालयाने पुन्हा सांगितले.